चालत्या डेटाबेसला धक्का न लावता वेअरहाऊस कसं भरायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी पहिली नोकरी धरली, तेव्हाची गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास मालकांनी सहज विचारलं, ‘गेल्या दोन वर्षांत कुठल्या रंगाचा माल सगळ्यात जास्त परत आला रे?’ मी नवा, अंगात उत्साह. ऑर्डरींचा मायएसक्यूएल डेटाबेस समोरच होता. एक लांबलचक क्वेरी लिहिली. उत्तर पुन्हा लागेल म्हणून हुशारी केली आणि ‘इन्सर्ट इनटू’च्या पोटात ‘सिलेक्ट’ घालून निकाल त्याच डेटाबेसमधल्या एका नव्या टेबलात टाकायला लावला. पाच मिनिटांत डिस्पॅचमधून फोन आला, बिल निघत नाही. पंधरा मिनिटांत फाटकावर तीन टेम्पो उभे.

नुसत्या सिलेक्टने इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलमधलं ओळी साठवणारं इंजिन, कुलूप लावत नाही, हे मला पाठ होतं. इन्सर्टच्या पोटातला सिलेक्ट वेगळा असतो, हे पाठ नव्हतं. मायएसक्यूएलच्या मूळ सेटिंगमध्ये तो वाचलेल्या ओळींवर शेअर्ड कुलूप लावत जातो आणि काम पुरं होईपर्यंत सोडत नाही. वाचायला सगळ्यांना मुभा, बदलायला बंदी. दोन वर्षांच्या ऑर्डरी मी कुलपात घालून बसलो होतो, आणि डिस्पॅचवाल्यांना त्यातल्याच ऑर्डरींवर ‘माल गेला’ अशी नोंद करायची होती.

हा लेख तशाच उत्साही नव्यांसाठी आहे. थोडंफार एसक्यूएल येतं, पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिता येते, आणि साहेबांनी सांगितलंय की ‘रिपोर्टसाठी डेटा वेगळा काढून ठेव’. त्या वेगळ्या जागेला डेटा वेअरहाऊस म्हणतात. तिथे डेटा न्यायचा कसा ते क्रमाने बघू.

आडवं आणि उभं

सोलापुरात उभा धागा आणि आडवा धागा कुणाला समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे हे पटकन होईल. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस हे कामाचे डेटाबेस माहिती आडवी ठेवतात. एका ऑर्डरचं गिऱ्हाईक, रंग, नग, रक्कम, तारीख सगळं एकमेकांना लागून. एक ऑर्डर उघड, बदल, बंद कर, हे त्यांना झटक्यात जमतं. वेअरहाऊस माहिती उभी ठेवतं. सगळ्या ऑर्डरींच्या रकमा एकाखाली एक, सगळे रंग एकाखाली एक. रंगवार बेरीज मागितली तर ते दोन-तीनच कॉलम वाचतं, टेबलातल्या बाकीच्या कॉलमांना हात लावत नाही. बिगक्वेरी, रेडशिफ्ट, स्नोफ्लेक, क्लिकहाऊस, डकडीबी ही सगळी या उभ्या घराण्यातली.

यातलं घ्यायचं कुठलं? ऑर्डरी काही लाखांत असतील तर माझं स्पष्ट मत असं, की क्लाउडच्या मागे लागू नका. ऑफिसातल्या एका बऱ्या कॉम्प्युटरवर डकडीबी टाका. ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेतून २०१९ साली आलेला हा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेसला जोडून घेऊन तो थेट तिथून वाचू शकतो. शिकायला याहून स्वस्त जागा नाही. पुढे क्लाउडवर जाल तेव्हा मुंबईतलं केंद्र निवडा. बिगक्वेरी आणि रेडशिफ्ट दोन्ही तिथे मिळतात.

पायरी १: टेबलांची वही

टूल नंतर. आधी एक वही घ्या, खरोखरची कागदी चालेल, आणि डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाला एक पान द्या. त्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. यातली ओळ जन्मते कशी? बदलते कशी? मरते का?

हे तीन प्रश्न मला कुणी शिकवले नाहीत, ठेचा खाऊन सापडले. टेबल कसं उचलायचं याची रीत या उत्तरांतूनच ठरते. कारखान्यातली उदाहरणं घ्या. रंगांचं टेबल: चाळीस-पन्नास ओळी, वर्षातून एखादी नवी. फाटकावरच्या वजनकाट्याची नोंद: ओळ जन्मते आणि तशीच राहते, काट्याचं वजन नंतर कुणी बदलत नाही, निदान बदलू नये. ऑर्डरींचं टेबल: ओळ जन्मते, मग ‘मंजूर’, ‘विणाईत’, ‘डाईंगमध्ये’, ‘पॅक’, ‘रवाना’ असे तिचे रंग बदलत जातात, काही महिन्यांनी माल परत आला की पुन्हा बदल. शिल्लक मालाचं टेबल तर मिनिटामिनिटाला बदलतं, आणि कालची शिल्लक किती होती हे त्यात कुठेच राहत नाही. कालचा आकडा हवा असेल तर तो कालच उचलायला हवा होता. म्हणून अशा टेबलाचा रोज रात्री तारीख घालून फोटो काढून ठेवायचा.

पानावर आणखी थोडं लिहा. प्रायमरी की कोणती, अंदाजे ओळी किती, शेवटच्या बदलाची वेळ सांगणारा ‘अपडेटेड_ॲट’सारखा कॉलम आहे का, आणि असेल तर तो कोण भरतं. हा शेवटचा प्रश्न विसरू नका, पुढे त्याच्यावरच गाडी अडते.

‘मरते का’ याचं उत्तर डेव्हलपरला विचारा. आमच्या डेव्हलपरने ऑर्डरींबद्दल छातीठोकपणे सांगितलं, ‘आम्ही काही डिलीट करत नाही, फक्त रद्द असा शिक्का मारतो.’ मी वहीत लिहिलं: मरत नाही.

पायरी २: वाचायचं कुठून

शक्यतो मूळ सर्व्हरवरून नाही. त्याची चालती नक्कल, म्हणजे रेप्लिका, असेल तर तिथून वाचा. नसेल तर मागा, नकार आला तर कालच्या बॅकअपमधून एक डेटाबेस उभा करून तिथून वाचा. यात एक फायदा फुकट मिळतो, बॅकअप खरंच उघडतो की नाही हे रोज तपासलं जातं.

वाचण्यासाठी वेगळा यूझर काढा, त्याला फक्त सिलेक्टची परवानगी द्या. माझ्याकडे त्या दिवशी नुसती वाचायची परवानगी असती तर ते टेम्पो उभे राहिलेच नसते.

पोस्टग्रेसच्या रेप्लिकेवर एक गंमत आहे. तुमची क्वेरी लांबली आणि तेवढ्यात मूळ सर्व्हरकडून आलेला बदल तिच्या आड आला, तर रेप्लिका मूळ सेटिंगप्रमाणे ३० सेकंद थांबते आणि मग तुमची क्वेरी मारते. ‘कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी’ असा संदेश दिसला तर घाबरू नका, नेटवर्क तपासत बसू नका. ही थांबण्याची मुदत वाढवता येते, पण तेवढा वेळ रेप्लिका मूळ सर्व्हरच्या मागे पडते. ‘हॉट स्टँडबाय फीडबॅक’ नावाची दुसरी सोय आहे, तिच्यात मेलेल्या ओळींचा कचरा मूळ सर्व्हरवर साचतो. मला तिसरा मार्ग बरा वाटतो: मोठी क्वेरी तोडून महिन्या-महिन्याचे लहान तुकडे वाचायचे.

वेळ कोणती? पुस्तकं सांगतात, रात्री. पण कारखाना तीन पाळ्यांत चालतो, आणि रात्रपाळीलाही बिलं निघतात. शिवाय रात्री दोनला बॅकअप चालू होतो, सगळ्यांच्याच डोक्यात दोन वाजताच येतात. सर्व्हरवरचा ताण एक आठवडा बघून मगच वेळ ठरवा. आमच्याकडे पाळी बदलण्याची वेळ सगळ्यात शांत निघाली.

पायरी ३: लहान टेबलं रोज अख्खी

रंग, डिझाइन, गिऱ्हाईक, वाहतूकदार अशी काही हजार ओळींची टेबलं रोज पूर्ण उचला. यात कमीपणा काही नाही. बदललेलं शोधा, मेलेलं शोधा, ही सगळी कटकट एका फटक्यात संपते. फक्त जुनं पुसून त्याच टेबलात नवं भरू नका. मध्येच वीज गेली तर रिपोर्टमध्ये अर्धी गिऱ्हाइकं गायब दिसतील. नवं टेबल बाजूला भरा, ओळी मोजा, आणि मग नावांची अदलाबदल करा.

ऑर्डर आणि ऑर्डरमधला माल अशी जोडीची टेबलं एकाच क्षणाची उचलली पाहिजेत, नाहीतर मालाच्या ओळी येतात आणि त्यांची ऑर्डर येत नाही. मायएसक्यूएलमध्ये ‘मायएसक्यूएल डंप’ला ‘सिंगल ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय द्या, पोस्टग्रेसमध्ये ‘रिपीटेबल रीड’ लावून एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकगठ्ठा धरल्या जाणाऱ्या कामात, दोन्ही टेबलं वाचा.

फाइल कुठल्या प्रकारची? सीएसव्ही सगळ्यांना येतं, पण त्यात रिकामी जागा आणि ‘नल’ यांतला फरक पुसट होतो, आणि पत्त्यात कुणी एंटर मारला असेल तर एका ओळीच्या दोन होतात. पार्केट फाइलमध्ये कॉलमचे प्रकारही बरोबर जातात. जमत असेल तर पार्केटच वापरा.

आता खास आपल्याकडची अडचण. सोलापूरच्या गिऱ्हाइकांच्या यादीत मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही लिप्या भेटतात. यूटीएफ-८, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या नेहमीच्या रीतीमध्ये, या तिन्ही लिप्यांचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘सिद्धेश्वर’ हा शब्द घ्या. डोळ्याला चार अक्षरं. यंत्राला काना-मात्रा-हलन्तासकट १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट. मायएसक्यूएलमध्ये २० लांबीच्या व्हारकॅर कॉलमात तो आरामात बसतो, कारण तिथे चिन्हं मोजतात. रेडशिफ्टमध्ये तेवढ्याच लांबीच्या कॉलमात तो मावत नाही, कारण तिथे बाइट मोजतात. इंग्रजी नावांवर चाचणी घेऊन ‘झालं’ म्हणणाऱ्यांना हे पहिल्याच दिवशी आडवं येतं. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार ३ बाइटांपर्यंतच जातो, त्यामुळे आपल्या लिप्या चालतात पण हात जोडल्याची इमोजी चालत नाही, तिला ४ बाइट लागतात. जोडणी नेहमी ‘यूटीएफ८एमबी४’ने करा. आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर दोष बहुतेक वेळा डेटात नसतो, जोडणीच्या सेटिंगमध्ये असतो.

पायरी ४: मोठी टेबलं, फक्त बदललेलं

ऑर्डरींचं टेबल रोज अख्खं उचलणं परवडत नाही. इथे खूण ठेवायची पद्धत वापरतात. मागच्या वेळी जी सर्वांत अलीकडची ‘अपडेटेड_ॲट’ वेळ वाचली, ती लिहून ठेवायची, आणि पुढच्या वेळी तिच्यानंतरच्या ओळी मागायच्या. ऐकायला दोन ओळींचं काम. नव्या माणसाच्या बहुतेक रात्री मात्र याच पायरीवर जागून जातात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिलं, खूण आपल्या घड्याळावरून ठेवू नका, वाचलेल्या ओळींतल्या सर्वांत मोठ्या वेळेवरून ठेवा. दोन यंत्रांची घड्याळं जुळतात असं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि तरी हेच करा.

दुसरं, ‘पेक्षा मोठी’ अशी अट लिहू नका, ‘इतकी किंवा मोठी’ लिहा. एकाच सेकंदात चार ऑर्डरी बदलल्या आणि तुम्ही दोन झाल्यावर वाचलंत, तर उरलेल्या दोन कायमच्या सुटतात.

तिसरं जास्त फसवं आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘नाऊ’ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, संपल्याची नाही. समजा एका ट्रान्झॅक्शनने १० वाजून ० मिनिटांनी सुरुवात केली, ओळीवर १०:०० लिहिलं, आणि १०:०४ ला कमिट केलं, म्हणजे बदल पक्का केला. तुमचा जॉब, म्हणजे डेटा उचलणारी स्क्रिप्ट, १०:०२ ला आला. तेव्हा ती ओळ दिसतच नाही. पण १०:०१ च्या दुसऱ्या ओळी दिसतात, म्हणून खूण १०:०१ वर जाते. पुढच्या फेरीत १०:०० ची ओळ मागे पडलेली असते, तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. कुठे एरर नाही, लाल दिवा नाही, फक्त महिनाअखेरीला आकडा जुळत नाही. आयडी चढत्या क्रमाने वाचत गेलात तरी हेच होतं, कारण आयडीचा नंबर आधी मिळतो आणि कमिट नंतर होतं.

यावर औषध साधं आहे. प्रत्येक वेळी खुणेच्या थोडं मागून वाचायला लागा. मी अर्धा तास मागे जातो, आणि रविवारी तीन दिवस मागे. त्यामुळे त्याच ओळी पुन्हा येणार, हे गृहीत धरायचं. म्हणून वेअरहाऊसमध्ये नुसती भर घालायची नाही, प्रायमरी कीवरून ‘मर्ज’ करायचं: ओळ असेल तर बदल, नसेल तर घाल. जॉब एकदा चालवा की सलग पाच वेळा, निकाल तोच आला पाहिजे. मला कुणी आपली स्क्रिप्ट दाखवायला आणली तर मी आधी तीच दोनदा चालवून बघतो.

चौथं, ‘अपडेटेड_ॲट’ कोण भरतं? मायएसक्यूएलमध्ये कॉलमला ‘ऑन अपडेट करंट टाइमस्टॅम्प’ लावलेलं असेल तर डेटाबेस स्वतः भरतो. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी ट्रिगर, म्हणजे ओळ बदलली की आपोआप चालणारा तुकडा, लिहावा लागतो. ॲप्लिकेशन भरत असेल तर सावध राहा. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये ‘ऑटो_नाऊ’ लावलेलं असलं तरी ते ‘सेव्ह’ केल्यावरच चालतं, एकगठ्ठा ‘अपडेट’ केलं की वेळ जुनीच राहते. आणि कुणी सकाळी थेट डेटाबेसमध्ये शिरून पन्नास ऑर्डरींचा जीएसटी दुरुस्त केला, तर त्या दुरुस्तीचा पत्ता तुम्हाला कधीच लागत नाही.

आणि पाचवं, मेलेली ओळ. नसलेल्या ओळीला ‘अपडेटेड_ॲट’ नसतं. या पद्धतीला मरण दिसतच नाही. त्यावर शेवटी येतो.

पायरी ५: लॉग वाचणं, आणि ते लगेच का करू नये

जन्म, बदल आणि मरण तिन्ही दिसतील अशी एकच जागा असते, डेटाबेसचा स्वतःचा लॉग. मायएसक्यूएलमध्ये त्याला बिनलॉग म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये वॉल. तो वाचून प्रत्येक बदल पुढे पाठवणाऱ्या पद्धतीला सीडीसी म्हणतात. डेबेझियम हे त्यातलं नावाजलेलं खुलं टूल, एअरबाइटसारख्या टूलांतही ही सोय असते.

पण आधी एक प्रश्न. मालकांना आकडा किती ताजा हवा आहे? सोलापूरकराला बॅच म्हणजे काय हे शिकवायला नको. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, टाकी भरून ठेवतो आणि घर चालतं. कालपर्यंतचा आकडा सकाळी नऊला टेबलावर आला तर बहुतेक कारखान्यांचं भागतं. ते भागत असेल तर सीडीसीच्या वाटेला सहा महिने जाऊ नका.

कारण सांगतो. पोस्टग्रेसमध्ये सीडीसीसाठी रेप्लिकेशन स्लॉट लागतो. स्लॉट म्हणजे डेटाबेसला दिलेला शब्द, की मी वाचेपर्यंत लॉग पुसू नकोस. वाचणारा मेला तरी डेटाबेस शब्द पाळतो आणि लॉग साठवत राहतो, डिस्क भरेपर्यंत. एका ठिकाणी आमचा कनेक्टर, म्हणजे लॉग वाचणारा प्रोग्रॅम, संक्रांतीच्या आदल्या दिवशी बंद पडला. गावात सिद्धेश्वरांची यात्रा, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरलेली, ऑफिसात चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी रिपोर्ट नाहीत म्हणून कुणीच फोन केला नाही. फोन आला तो मूळ डेटाबेस बंद पडला म्हणून. वाचायला बसलेल्या पाहुण्याने घर बुडवलं. पोस्टग्रेस १३ पासून स्लॉटसाठी किती लॉग ठेवायचा याला मर्यादा घालता येते, पण मूळ सेटिंग अमर्याद आहे. ती मर्यादा घाला. ओलांडली तर स्लॉट बाद होईल, सगळं पुन्हा पहिल्यापासून उचलावं लागेल, पण कारखाना चालू राहील.

मायएसक्यूएलमध्ये उलटी भीती. तिथे बिनलॉग मुदतीने पुसला जातो, वाचलात की नाही याची फिकीर नाही. ८.० आवृत्तीत मूळ मुदत ३० दिवस आहे. ॲमेझॉनच्या आरडीएस या क्लाउड डेटाबेस सेवेवर मात्र तुम्ही वेगळं सांगितलं नाही तर तो लवकरात लवकर पुसला जातो. मुदत तासांत ठरवून द्यावी लागते.

पायरी ६: वेअरहाऊसमध्ये उतरवणं

आलेला माल आधी जसाच्या तसा कच्च्या टेबलांत ठेवा, सोबत ‘कधी उतरवला’ हा एक कॉलम. नावं सुधारणं, जोडणं, बेरजा हे सगळं त्यावरून वेगळ्या टेबलांत करायचं. चूक सापडली तर कच्च्या मालावरून पुन्हा बनवता येतं, मूळ डेटाबेसकडे परत हात पसरावा लागत नाही.

एकेक ओळ इन्सर्ट करू नका. उभ्या डेटाबेसांना ते सोसत नाही. फाइल बनवा आणि एकदम चढवा.

आता एक गोष्ट ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावावी अशी. बिगक्वेरी, रेडशिफ्ट आणि स्नोफ्लेकच्या नेहमीच्या टेबलांत प्रायमरी की लिहिता येते, पण ती पाळली जात नाही. एकच ऑर्डर दोनदा घातलीत तर ती निमूटपणे दोनदा राहते आणि विक्री दुप्पट दिसते. मायएसक्यूएलच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे खरंच वाटत नाही. क्लिकहाऊसचं ‘रिप्लेसिंग मर्ज ट्री’ दुबार ओळी काढतं, पण आतलं विलीनीकरण होईल तेव्हा. तोवर त्या दिसतात. रोजच्या जॉबच्या शेवटी ‘एकाच कीच्या दोन ओळी आहेत का’ ही क्वेरी लावा, आणि उत्तर शून्य नसेल तर जॉब नापास.

पैशाला दशांश प्रकारच वापरा, फ्लोट नको. मायएसक्यूएलमध्ये ‘००००-००-००’ अशा शून्य तारखा भेटतील, त्या बहुतेक ठिकाणी चढत नाहीत. त्यांना नल करा, आणि अशा किती भेटल्या ते मोजा.

जॉब ठरल्या वेळी चालवायला सुरुवातीला क्रॉन पुरतो, एअरफ्लो नंतर शिका. पहिली फेरी संपली नसेल तर दुसरी सुरू होऊ नये एवढं कुलूप लावा. इशारा ‘जॉब फेल झाला’ यावर लावू नका, कारण जो जॉब सुरूच झाला नाही तो फेलही होत नाही. ‘वेअरहाऊसमधली सर्वांत ताजी ऑर्डर चोवीस तासांहून जुनी आहे’ यावर लावा.

साडेपाच तासांचा घोळ

बाजार समितीतल्या एका आडत्याचं काम केलं तेव्हा हे कळलं. सोलापुरात कांद्याच्या गाड्या रात्रभर येतात, सकाळी लिलाव होतो. आवकेची नोंद पहाटेपर्यंत चालते. वेअरहाऊस यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं, आणि यूटीसीत दिवस बदलतो आपल्या पहाटे साडेपाचला. १२ जानेवारीच्या रात्री २ वाजता उतरलेला कांदा ११ तारखेच्या आवकेत जाऊन बसला. आवक एका दिवसाची, लिलाव दुसऱ्या दिवसाचा, आणि पट्टी करताना क्विंटल जुळेनात. टॉवेल कारखान्यात रात्रपाळी असूनही हा घोळ फारसा डोळ्यांत आला नव्हता. कांद्यात पहिल्याच सकाळी आला.

नियम असा: मूळ कॉलम कोणत्या वेळेत आहे ते वहीत लिहा. मायएसक्यूएलचा ‘डेटटाइम’ प्रकार वेळक्षेत्र जाणतच नाही, जे लिहिलं ते ठेवतो. ‘टाइमस्टॅम्प’ प्रकार आत यूटीसीत ठेवतो आणि जोडणीप्रमाणे बदलून दाखवतो. एकाच टेबलात दोन्ही सापडतात. वेअरहाऊसमध्ये क्षण यूटीसीत ठेवा, आणि भारतीय वेळेचा ‘व्यवहाराचा दिवस’ असा स्वतंत्र कॉलम काढा. बेरजा त्या कॉलमवरच.

माणसांची माहिती

मोबाइल नंबर, पॅन, घरचा पत्ता रिपोर्टला लागत नसेल तर उचलूच नका. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण कायदा नसता तरी हेच म्हटलं असतं. वेअरहाऊस उघडणारे हात जास्त असतात. गिऱ्हाईक ओळखण्यापुरता नंबर हवा असेल तर त्याचा हॅश, म्हणजे नंबरावरून गणिताने काढलेलं सांकेतिक रूप, ठेवतात. मात्र साधा हॅश म्हणजे लपवणं नव्हे, दहा आकडी नंबर असून असून किती असणार, सगळे करून बघणं घरच्या कॉम्प्युटरलाही जमतं. गुप्त किल्ली घालून केलेला हॅश वापरा आणि ती किल्ली वेअरहाऊसमध्ये ठेवू नका.

शेवटची पायरी: ताळा

जॉब हिरवा झाला म्हणजे डेटा बरोबर आला असं नाही. रोज मूळ आणि नक्कल दोन्हीकडे त्याच तारखांपुरत्या ओळी मोजा आणि रकमेची बेरीज करा, दिवसवार. आजचा दिवस सोडून द्या, तो अजून हलतोय. नुसती संख्या पुरत नाही. एक ओळ सुटली आणि एक दुबार झाली तर संख्या जुळते, रक्कम जुळत नाही.

आणि महिन्यातून एकदा तुमच्या आकड्याचा ताळा अशा माणसाकडून घ्या ज्याचा डेटाबेसशी संबंध नाही. आमच्याकडे अकाउंटचे काका होते. एप्रिलमध्ये मी त्यांना वर्षाच्या विक्रीचा आकडा अभिमानाने दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, टॅलीतला आकडा बघितला आणि म्हणाले, ‘तुझ्या मशीनने आपल्याला जरा जास्तच श्रीमंत केलंय.’

महिनावार उतरत गेलो. फरक सगळ्या महिन्यांत थोडा-थोडा, पण फेब्रुवारीपर्यंतचे माझे रोजचे ताळे तर जुळलेले होते, कागद हातात होते. मग मूळ डेटाबेसमध्ये आज पुन्हा मोजलं. ओळी कमी भरल्या. डेव्हलपरला गाठलं. तो म्हणाला, ‘डिलीट? नाही हो. हां, वर्षअखेर साफसफाईची एक स्क्रिप्ट आहे, माझ्या आधीच्या माणसाची. न भरलेल्या ॲडव्हान्सच्या ऑर्डरी काढून टाकते. ती काय डिलीट म्हणायची?’

त्या ऑर्डरी मूळ डेटाबेसमधून ३१ मार्चच्या रात्री गेल्या होत्या. माझ्याकडे त्या सगळ्या ठणठणीत जिवंत होत्या, कारण त्यांच्या जाण्याची वेळ कुठल्याच कॉलमात लिहिलेली नव्हती. त्या संध्याकाळी मी रोजच्या जॉबला एक तुकडा जोडला. मूळ टेबलातले सगळे आयडी उचलायचे, फक्त आयडी, बाकी काही नाही, म्हणून तो हलका असतो. वेअरहाऊसमध्ये जे आहेत आणि मुळात नाहीत, त्यांच्यावर ‘गेलेली’ असा शिक्का आणि तारीख मारायची. ओळ पुसायची नाही, उद्या मालक विचारतील की ॲडव्हान्स न भरणारे कोण कोण होते. मग ड्रॉवरमधून वही काढली, ऑर्डरींचं पान उघडलं, ‘मरत नाही’ यावर काट मारली आणि बाजूला लिहिलं: मार्चअखेर मरते.